सात कुपनांची डाळ

पाठीवरूनच महादेवीने त्याला ओळखलं. डाळींच्या फळीपुढे एक माणूस डावा खांदा खाली सोडून उभा होता, आणि असा खांदा सोडून उभा राहणारा माणूस तिच्या ओळखीत एकच होता. संगमेश्वर, तिचा धाकटा भाऊ. अकरा वर्षांत केस पिकले होते, मानेवर घड्या पडल्या होत्या, पण खांदा तोच. ती जागच्या जागी थांबली तशी मागच्या बाईची ट्रॉली तिच्या टाचेवर आदळली. "काकू, चला की हो पुढं," ती बाई म्हणाली. महादेवी पुढे गेली नाही. ट्रॉली वळवून ती साबणांच्या रांगेत शिरली आणि कपडे धुण्याच्या पावडरीच्या थप्पीआड उभी राहिली. टाच ठणकत होती, आणि त्याहून जास्त तिला स्वतःचा राग आला होता. लपायचं तिने का म्हणून? चोर तो, आणि तोंड लपवायचं हिने? शिवाय हा मार्ट तिचा होता. मुखेडकडच्या माणसाने लातुरात येऊन तिच्याच मार्टात, तिच्याच डाळीपुढे असं ऐसपैस उभं राहावं म्हणजे हद्दच झाली.

तिचा म्हणजे मालकीचा नव्हे, पण मालकालाही ठाऊक नसेल एवढा तिला तो ठाऊक होता. मंगळवारी तेल उतरतं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सगळं चढं असतं, कारण तेव्हा पगारवाले येतात. वीस तारखेनंतर साखरेवर काहीतरी निघतंच. जुना माल पुढे आणि नवा मागे लावतात, म्हणून हात नेहमी फळीच्या तळाशी घालायचा, आणि 'एकावर एक' लिहिलेलं दिसलं की आधी त्या एकाचं वजन वाचायचं. पेपरात दर गुरुवारी मार्टाची पुरवणी यायची, तिच्या शेवटच्या पानावर तुटक रेघांच्या चौकटींत कुपनं. कॉलनीतल्या सहा घरांतली पुरवणी रद्दीत जायच्या आत महादेवीकडे यायची. बदल्यात ती कुणाला कढीपत्ता द्यायची, कुणाचं पार्सल घेऊन ठेवायची. लोक हसत. मुलगा हैदराबादेत, काकांची पेन्शन, काकूंना काय कमी आहे, म्हणत. हसोत बापडे. दुपारची जेवणं झाली की ती चष्मा लावून लहान कात्री घेऊन बसायची आणि रेघेवरून सूतभरही न ढळता कुपन कापायची. कापताना मनात नेहमी एकच वाक्य असायचं. तुझ्यावाचून अडलं न्हाई, संगू. तेलाचं कुपन कापताना तेच, पोह्यांचं कापताना तेच. तुरीच्या डाळीचं कुपन असलं की मात्र कात्री जरा जोरात चालायची.

कारण भांडण तुरीचं होतं. तसं ते जमिनीचं होतं, पण जमीन काही रोज स्वयंपाकघरात येत नाही, डाळ येते. आप्पा गेल्यावर सहा महिन्यांनी संगमेश्वर जीप करून लातूरला आला होता आणि तिला मुखेडच्या रजिस्ट्री ऑफिसात घेऊन गेला होता. हक्कसोडपत्र. बहिणी सोडतातच, न सोडणाऱ्या बहिणीला माहेर उरत नाही, असं तिला लहानपणापासून सगळ्यांनी सांगितलेलं. चुलत बहिणींनी सोडला, आत्यांनी सोडला, तिनेही सोडला. बाकड्यावर बसून सही केली, मशिनवर अंगठा ठेवला, कॅमेऱ्यात बघा म्हणाले तसं बघितलं. त्या कागदावरच्या फोटोत ती हसते आहे. जन्मात कुठल्या गोष्टीची लाज वाटत असेल तर तिला त्या हसण्याची वाटते. बाहेर आल्यावर संगमेश्वरने तिला उसाचा रस पाजला आणि पेला तिच्या हातात असतानाच म्हणाला, "अक्का, दरसाल येळवशीला तुला मूळ धाडतो. अन् तुरीची डाळ, एक कट्टा. मी हाय तवर चुकायचं न्हाई." कागदावर यातलं अक्षर नव्हतं. बहीणभावात कागद कशाला? दोन वर्षं डाळीचं पोतं आलं, तिसऱ्या वर्षी बंद झालं. येळवशीचं मूळ, माहेरचं बोलावणं, तर पहिल्या वर्षीही आलं नाही. येळवस म्हणजे काय हे लातुरात राहणाऱ्यालाच कळेल. वेळ अमावस्येच्या त्या दिवशी अख्खं शहर ओस पडतं. ज्याला त्याला कुणाचं ना कुणाचं शेत असतं, माणसं गाड्या भरभरून आंबील आणि भज्जी खायला जातात, दुकानं बंद, रिक्षा बंद. साऱ्या कॉलनीत कुलूप नसलेलं घर एकच असायचं. आदल्या दिवशी शेजारणी विचारायच्या, "काकू, तुमचं शेत कुठल्या अंगाला हो?" ती सांगायची, ह्यांना धूळ सोसत नाही. मग दिवसभर खिडक्या लावून, टीव्हीचा आवाज बारीक करून नवराबायको घरात बसायचे. शेत असलेल्या बापाची लेक आणि येळवशीला पोहे खाते. हे ती कधी विसरणार नव्हती, आणि विसरायची तिची इच्छाही नव्हती.

पावडरीच्या वासाने नाक चुरचुरलं. तिने थप्पीआडून पाहिलं. संगमेश्वर अजून तिथेच होता. फळीवर पाच किलोच्या पिशव्या होत्या, तुरीची डाळ, आणि वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, कुपनावर अर्ध्या किमतीत. त्याच्या हातात पेपरचा तुकडा होता. हाताने फाडलेला, वेडावाकडा, एका बाजूला शेजारच्या जाहिरातीतल्या बाईचा अर्धा चेहरा आलेला. कात्रीसुद्धा घेता आली नाही मेल्याला. तो तुकडा डोळ्यांजवळ नेऊन, परत लांब धरून वाचत होता. महादेवीला आधी हसू आलं आणि मग एकदम एक विचार आला आणि तिचं अंग ताठ झालं. ज्याच्या शेतात तूर पिकते तो माणूस मार्टात डाळ कशाला घेतो? जमीन विकली असेल. किंवा उडवली असेल. नागम्माला, त्याच्या बायकोला, पहिल्यापासून हात राखून खर्च करायची सवय नव्हती. म्हणजे बसला खाली. म्हणजे आता कुपन फाडून डाळ घ्यायची पाळी आली. तिने मनातल्या मनात महादेवाला हात जोडले. देव उशिरा बघतो पण बघतो. बहिणीचं खाल्लेलं असं बाहेर पडतं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मार्टातल्या गाण्यांच्या गोंगाटात ऐकू येईना म्हणून तो कानावर हात ठेवून दाराकडे गेला. फळीवर पिशव्या सात होत्या. तिने नकळत मोजल्या होत्या, दुकानात शिरलं की तिचे डोळे मोजायलाच लागतात. तिच्या पर्समध्ये कुपनं सात होती, सहा घरांची सहा आणि स्वतःचं एक. आज तीनच वापरायची, बाकीची शनिवारी, असं ठरवून ती घरून निघाली होती. कंबरेचा पट्टा घरी राहिला होता, डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून बजावलं होतं. ती गेली आणि वाकली. एक, दोन, तीन. चौथी उचलताना पाठीतून कळ गेली तेव्हा तिला आणखी जोर आला. सातवी पिशवी ट्रॉलीत पडली तशी ट्रॉलीची चाकं कुरकुरली. फळीचा पत्रा मोकळा दिसायला लागला. तिने दाराकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

एका बिलावर एकच कुपन चालायचं. पण काउंटरवरची धम्मप्रिया तिला ओळखायची. "काकू, आज सात?" तिने विचारलं. "सात बिलं करावी लागतील."

"कर की. मला कुठं जायचंय?"

मागे रांगेतले लोक चुळबुळायला लागले. महादेवी एकेक कुपन पर्समधून काढून तिच्या हातात देत होती आणि नजर डाळीच्या फळीवर होती. संगमेश्वर परतला. आधी त्याला वाटलं आपण चुकीच्या रांगेत आलो. तो मागे फिरला, पुन्हा आला, लाल अक्षरं पुन्हा वाचली. मग वाकून त्याने हात अगदी आत, तळाशी घातला. माल लावणाऱ्या मुलीला त्याने विचारलं, तिने मान हलवली. संपली काका, पुढच्या गुरुवारी. एवढ्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं, पण महादेवीला ऐकू आलं. त्याने हातातला तुकडा नीट घडी करून खिशात ठेवला आणि बाजूच्या महागड्या डाळीची एकेक किलोची दोन पाकिटं उचलली. महादेवीला गार वाटलं. पोटात, खूप आत, जिथे अकरा वर्षं काहीतरी जळत होतं तिथे गार वाटलं. नातू झाला तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं. असं म्हणू नये, पण तसंच होतं. सातवं बिल घेऊन ती रिक्षात बसली तेव्हा तिला गुणगुणावंसं वाटत होतं.

घरी शिवकुमारने, तिच्या नवऱ्याने, पिशव्या आत घ्यायला हात लावला आणि नेहमीचं वाक्य म्हटलं. "आगं, आपुन दोन माणसं."

"पाहुणे आले तर?"

"कोण येतंय?" तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता.

माल गुरुलिंगच्या खोलीत होता. मुलगा हैदराबादला गेल्यापासून ती खोली हळूहळू भरत गेली होती. टंचाईच्या वर्षी पाण्यासाठी घेतलेली निळी पिंपं आता धान्याने भरलेली होती, प्रत्येकावर खडूने तारीख. पलंगावर तेलाचे डबे, पलंगाखाली साखर, गुरुलिंगच्या अभ्यासाच्या टेबलावर चहा आणि साबण. दिवाळीत तो बायकोपोरं घेऊन आला की हॉलमध्ये गाद्या टाकून झोपायचा. गेल्या दिवाळीत सून म्हणाली होती, आई, एक रात्र तरी पलंग मोकळा करता का, बाळाला फरशी गार लागते. महादेवीने तो केला नव्हता. तुरीची डाळच बहात्तर किलो होती, आता वर पस्तीस. लिंबाचा पाला, एरंडेल, सगळं करूनही मागच्या पिंपातल्या डाळीला किडा लागला होता, हे तिला माहीत होतं. म्हणून ती ते पिंप उघडतच नसे. ही खोली खाण्यासाठी नव्हती. एक दिवस संगमेश्वर येईल, पडेल तोंडाने येईल, आणि ती काही न बोलता या खोलीचं दार उघडेल, एवढ्यासाठी ती होती. हा प्रसंग तिने मनात इतक्या वेळा केला होता की त्यातली वाक्यंही पाठ होती. कधी ती त्याला एक कट्टा द्यायची, दान म्हणून. कधी तोही द्यायची नाही. तो मात्र दरवेळी रडायचा.

दुपारी चारच्या सुमाराला बेल वाजली. शिवकुमारने दार उघडलं आणि त्याचा आवाज चढला. "आरं, संगमेश्वर! ये, ये. आगं, बघ कोण आलंय!"

महादेवी बाहेर आली. भाऊ खुर्चीच्या कडेवर बसला होता. टीपॉयवर त्याने कुंकू लावलेली लग्नपत्रिका ठेवली होती आणि शेजारी एक कापडी पिशवी. "पोरीचं, सृष्टीचं लगीन धरलंय, दाजी," तो शिवकुमारला सांगत होता. "पंधरा दिवसावर आलं. अक्काला मूळ द्याया आलो." तिच्याकडे पाहून तो अर्धवट उठला. ती समोरच्या दिवाणावर बसली. अकरा वर्षांनी भाऊ दारात आला तर काय बोलायचं ते तिला पाठ होतं, आणि त्यातलं एक वाक्य तोंडावर येईना. शिवकुमारने पिशवी उघडून पाहिली. पाकिटं फोडून डाळ मोकळी ओतलेली होती. "व्वा, डाळ! घरची दिसतीय," तो म्हणाला.

संगमेश्वर गप्प बसला. महादेवीला त्याच्या गप्प बसण्याने तरतरी आली. बहीण लग्नाला यावी, चार लोकांत नाक राहावं, म्हणून दुकानातली डाळ शेतातली म्हणून आणली होती तर. सापडला.

"घरची हाय का रे, संगू?" तिने गोड आवाजात विचारलं.

त्याने पिशवीचं तोंड दुमडलं.

"लिंगावर हात ठिवून सांग."

"आगं, हे काय बोलून राहिलीस!" शिवकुमार दचकला. गळ्यातल्या इष्टलिंगाची शपथ त्यांच्या घरांत कुणी बांधाच्या भांडणातसुद्धा घालत नसे. महादेवीने नवऱ्याकडे पाहिलं नाही. संगमेश्वरचा हात सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीशी गेला आणि कापडाच्या आतल्या उंचवट्यावर थांबला. बोल, ती मनात म्हणाली. खोटं बोल. त्याने खोटं बोलावं, इतकं तिला आयुष्यात दुसरं काही हवंसं वाटलं नव्हतं.

"घरची कशाला आसंल?" तो म्हणाला. "दुकानातली हाय. आत्ता घेतलो. तू साबनाच्या आड हुबी होतीस, तवा."

महादेवीच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"सात पिशव्या नेलीस. एक तरी मला ठिवायची," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, फार दिवस जपून ठेवलेली वस्तू बाहेर काढावी तसा तो सावकाश बोलत होता. "घरची तूर दोन खंडी पडून हाय. पर तुला दुकानातली लागती न्हवं? उदगीरला, पंगतीत बसून म्हणालीस. संगूच्या डाळीत नुसते खडे, त्यापरीस दुकानातली बरी. समदे हसले. नागम्मा वाढत होती. वरनाची बादली हातात घिऊन तशीच हुबी राह्यली. तुला धाडल्याली डाळ तिनं चार दिस बसून हातानं निवडली होती, अक्का. म्हनून ही आनलो. घे. एक खडा न्हाई."

उदगीर. चुलतभावाचं लग्न. मांडवातला तो उकाडा, केळीच्या पानावरचा भात, आणि ती बोलल्यावर पंक्तीभर उठलेला हशा. तिला तो हशा आवडला होता, त्या दिवशी ती आणखी दोनदा तसं काहीबाही बोलली होती. वाक्य तेवढं ती विसरली होती. इतकी वर्षं डाळ का बंद झाली याची शंभर कारणं तिने शोधली, त्यात हे एक कधी आलं नाही. शिवकुमार तिच्याकडे बघत होता. तिला वाटलं आता आपण माफी मागू. आणि मग त्या वाक्याच्या मागचं आठवलं, ते वाक्य तिच्या तोंडून का निघालं ते.

"म्हणालते," ती म्हणाली. "परत म्हणीन. डाळ कशी धाडलास? एष्टीत, कंडक्टरच्या पायाशी टाकून. दोन्ही साल. स्टँडवर हुबी राहून मी कंडक्टरला पोतं मागले, लोकाच्या देखत, भीक मागितल्यागत. सही घ्याया जीप करून दारात आलतास. डाळ द्याया तुला याया झालं न्हाई? मला डाळ पायजे होती व्हय रे? तू याया पायजे होतास!"

तिचा आवाज फाटला. शिवकुमार उठून आत गेला, त्याने पाण्याचा तांब्या आणला आणि कुणाला द्यावा ते न कळून हातात धरून उभा राहिला.

"तोंड न्हव्हतं," संगमेश्वर म्हणाला. "सही झाल्यापून तुझ्या दारात याची लाज वाटायची. मंग उदगीरला तू तसं बोललीस, अन् मला बरं वाटलं. राग आला की लाज दबती, अक्का. अकरा साल त्याच्यावर काढलो."

हेच तिला हवं होतं. त्याच्या तोंडून, तिच्या घरात, नवऱ्यासमोर. गुरुलिंगची खोली याच घडीसाठी भरली होती. ती वाट बघत राहिली, मार्टातल्यासारखं आत गार वाटेल म्हणून. वाटलं नाही. भाऊ लाजला, म्हणून काय झालं? लाजून त्याने जमीन परत दिली का? लाज त्याला, पीकही त्यालाच. तिला समोर तो दिसत होता, पिकलेला, खांदा सोडून बसलेला, आणि खरंच वाईट वाटत असलेला, आणि त्या वाईट वाटण्यात तिच्यासाठी एक गुंठाही नव्हता. टीपॉयवरच्या पत्रिकेवर सोनेरी अक्षरांत सृष्टीचं नाव होतं, खाली निमंत्रकांत तिच्या धाकट्या भावाचं, शिवप्रसादचं.

"शिवप्रसाद केवढा झाला?" तिने विचारलं.

विषय बदलला म्हणून संगमेश्वर जरा सैल झाला. "एकोणीस सरलं. शेतीच बघतो म्हनून राहिलाय."

"मंग सृष्टीची सही लग्नाच्या आदी घेनार का मागनं?"

त्याचा हात पुन्हा गुंडीशी गेला आणि खाली आला.

"कागद करून ठिवलास?"

"वकील म्हनला आदीच बरं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "सासरची मानसं मागनं कशी निघतील, काय नेम? हळदीच्या आदल्या दिशी जाऊन येऊ म्हनलो मुखेडला. समदेच करतेत, अक्का. तू न्हाई केलीस?"

"केले की."

महादेवीने पत्रिका उचलली. कुंकवाचं बोट कपाळाला लावलं, रीतीप्रमाणे पत्रिकेला नमस्कार केला. आता तिचा आवाज अगदी शांत होता, शिवकुमारला तो आवाज ओळखीचा नव्हता. "येते मी," ती म्हणाली. "हळदीच्या दोन दिस आदी येते. रजिस्ट्रीला बी संगं येते. त्या पोरीचं नाव मी ठिवलंय, संगू. पाळण्यात वाकून तिच्या कानात पहिला शब्द बोलले ती मी. आता दुसरी गोष्ट बी मीच सांगते. सही करू नको म्हणून."

संगमेश्वरचा चेहरा उतरला. "अक्का, घर फुटंल."

"फुटू दे."

"माज्यावरचा राग पोरीच्या कानात घालू नको."

"तुझ्यावरचाच हाय," ती म्हणाली. "म्हणून तर खरा हाय."

शिवकुमारने तांब्या टीपॉयवर ठेवला, डाळीच्या पिशवीशेजारी. कुणी प्यायलं नाही. संगमेश्वरचा हात पुढे आला, पत्रिका परत मागावी तसा, आणि अर्ध्यावर थांबला. कुंकू लावून दिलेलं मूळ परत घेता येत नाही, हे त्याला ठाऊक होतं आणि तिलाही. तिने पत्रिका दुमडून कमरेला खोचली.

"हळद किती वाजता हाय?" तिने विचारलं.